अनिलभाऊंच्या दारातला धूर

आत अनिलभाऊंची मयत होती आणि बाहेर आम्ही टायर जाळून शेकत बसलो होतो.

आज भाऊंची तेरवी. लिहायची लाज वाटते, तरी लिहितोय.

खामगावात आमच्या लायनीत भाऊंचं टेलरिंगचं दुकान. शेजारी माझं मोबाईल रिपेअरिंगचं. समोरून दिवसभर ट्रक, धूळ. आणि सकाळी शटर उघडलं की झाडलोट करायची आणि कचरा दुकानापुढंच पेटवून द्यायचा, ही आम्हा सगळ्यांची रीत. पॉलिथिन, खोके, जे असेल ते. अगरबत्ती नंतर.

गेल्या वर्षी भाऊंना पहिला अटॅक आला. तेव्हापासून ते आमच्यापुढं हात जोडायचे.

"नका जाळू ना बावा. डॉक्टर म्हणे, धूर नुसता छातीत नाही रायत, रक्तात उतरते. हार्टले धरते."

"भाऊ, हे खामगाव आहे, दिल्ली नाही!" मी म्हणायचो.

सगळी लाईन हसायची. भाऊही हसायचे. मग नाकाला ब्लाऊजचं अस्तर बांधून मशीनवर बसायचे.

दुसरा अटॅक दुकानातच आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगा पुण्याहून यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या दारात त्याची वाट पाहत बसलो. थंडी मरणाची. कुणीतरी जुना टायर आणला. पेटेना, म्हणून खाली पॉलिथिन मीच सारलं.

"खर्रा-तंबाखू खात होते काय?" एकानं विचारलं.

"सुपारीबी नाही. टेन्शन असन," दुसरा म्हणाला.

हात शेकत मीही मान हलवली. धूर सरळ घरात जात होता.

वहिनी बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"भाऊ, तेवढं विझवा ना. त्यायले धूर सहन नाही होत."



मी घाईघाईनं माती लोटली. धूर आणखीच वाढला. वहिनींनी दार ओढून घेतलं.

आता माझा कचरा मी पोत्यात भरतो. पण आज सकाळी शेजारच्यानं काडी लावली, तेव्हा मी गप्प राहिलो. लोक हसतील, एवढीच भीती.

भाऊ, तुम्ही वर्षभर आमचं हसणं ऐकत हात जोडत होतात. मला एक दिवसही जमलं नाही.

माफी मागायलाही तोंड नाही. शेवटचा नमस्कार, भाऊ.