लाईट गेली की खूश होणारा साडू

सौसर-पांढुर्ण्याच्या सबंध टापूत लाईट गेल्यावर खूश होणारा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब! मी पांढुर्ण्यात मास्तरकी करतो. हा सौसरला सासूबाईंच्या घरी, वरच्या खोलीत बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करतो. मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटलेली, घामानं जीव कासावीस, सगळं घर वीजवाल्यांचा उद्धार करत असतं आणि वरून याचा आवाज येतो, "वा! अगदी मधातच गेली!" ज्या दिवशी लाईट जात नाही त्या दिवशी हा पठ्ठ्या स्वतः खाली येऊन मेन स्विच पाडतो. सासूबाईंची मालिका ऐन रंगात आलेली असली तरी.

त्याचं काम माझ्या डोक्यात शिरायला बराच काळ गेला. कॉम्प्युटरवर फाइलची नक्कल काढली की सहसा दुप्पट जागा जाते. याच्याकडची पद्धत चतुर. नक्कल काढली तरी आत माल एकच, नावं फक्त दोन. दोहोंपैकी एकीत काही बदललं, की तेवढाच तुकडा वेगळा लिहिला जातो. दुसरीला धक्का नाही. या नकलेला ते क्लोन म्हणतात. ही सोय करणाऱ्या प्रोग्रॅमला कोणी कुठं हात लावला, की जुने बरे झालेले रोग पुन्हा उपटले नाहीत ना, हे पाहायचं याच्याकडे. मधेच लाईट गेली तर काय होतं, तेही त्यातच आलं. मुळात स्वभावच तसा, म्हणून काम याला शोधत आलं असावं. घरी नळाची तोटी बदलली, तर हा पंखे, बेल आणि गाडीचा हॉर्न तपासतो. मी चिडून म्हटलं, "तोटीचा अन् हॉर्नचा काय संबंध रे बापा?" तर म्हणे, "संबंध नाही ना, हेच तं पाहून राहिलो, भाऊ." मी चष्म्याचा नंबर बदलला तेव्हा यानं माझा दुखरा गुडघा दाबून पाहिला. आता बोला!

मागच्या साली सासरे गेले. लोधीखेड्याच्या बुद्धविहारात ते गाणी म्हणत. त्यांच्या एकाच गाण्याचं रेकॉर्डिंग उरलं होतं, तेही साडूच्या कॉम्प्युटरवर. ज्यात ते घेतलं तो मोबाइल कधीच फुटला होता. पहिल्या स्मृतिदिनाला ते विहारात लावायचं ठरलं. पण गाण्याच्या मध्येच सासऱ्यांना खोकल्याची उबळ येते, ती माझ्या बायकोला बरी वाटेना. त्यासाठी आम्ही सौसरला आलो तेव्हा साडू बाजारात गेला होता. तिनं वर जाऊन खोकला कापला, आणि कापलेलं त्याच फाइलवर सेव्ह केलं. मग मोठ्या हौसेनं आईला वर बोलावून ऐकवलं. गाणं संपलं. सासूबाई इकडंतिकडं पाहू लागल्या. "यायचा खोकला कुठी गेला व?" म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावला.

साडू पिशव्या घेऊन आला तेव्हा बायको रडवेली झाली होती. आम्हाला वाटलं, नकलांचा बादशहा हा, हसून एखादी काढून देईल. तर याचा चेहरा पांढराफटक! "क्लोन लय आहेत, ताई. मी रोज त्याच फाइलवर टेस्ट करतो. बाबाचा सूर जरासा जरी हलला तरी मले समजते."

"माह्या बाबाच्या आवाजावर प्रयोग करून राहिले तुम्ही, जवाईबापू?" बायको उसळली.

"पण आज सकाळपासून एक टेस्ट नापास होऊन राहिली. मूळ बदललं की क्लोनही बदलून राहिला."

"मग दुसरीकडं कुठं एखादी नक्कल ठेवली असशील ना?" मी विचारलं. "नाही ना, भाऊ," तो म्हणाला. साऱ्या घराचे हॉर्न तपासणारा हा शहाणा! सासऱ्यांचा आवाज ढीगभर नावांखाली ठेवला होता, पण सगळा एकाच डिस्कवर, तीही प्रयोगाची. मला त्याचा राग आला, आणि त्याची तितकीच दयाही आली. सासऱ्यांचा लाडका जावई होता तो. आजारपणात त्यांना अंघोळ घालायचा.

त्यानं एक जुना क्लोन उघडला. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपत आलं तशी बायकोनं माझं मनगट धरलं. साडूनं तर डोळेच मिटले होते.

आणि खोकला आला. अगदी तोच, छातीतून उठणारा, दम काढणारा. तो कसा वाचला, हे साडूलाही सांगता येईना. डोळे पुसत तो पेनड्राइव्हसाठी खणात चाचपडू लागला. बायको हसत होती की रडत होती, कोणास ठाऊक. सासूबाई मात्र पुढं सरकल्या आणि स्क्रीनकडं पाहून हळूच म्हणाल्या, "घोटभर पानी प्या ना जी. मंग म्हना."

दम खाऊन सासऱ्यांनी पुढचं कडवं उचललं.