बाबांना लस पचली

लालबागला फ्लूची साथ आली त्या वर्षी बाबा आणि मी एकाच गिरणीत होतो. ते कापड विणायच्या साचेखात्यात, साठीला टेकलेले. मी सूत गुंडाळायच्या वायंडिंगला, विशीतली. गिरणीच्या दवाखान्यात फ्लूची नवी लस आली आणि एका दुपारी आम्हा दोघांनाही टोचली. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, पण औषध तेच आणि मापही तेच.

दुसऱ्या दिवशी माझा दंड टम्म सुजला. अंगात सणसणून ताप, वेणी घालायला हात वर जाईना. बाबा मात्र ठणठणीत. कामावर गेले, तिथून संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले, घोषणा देऊन घसा बसवून घरी आले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा बेताने गॅलरीत उभं राहून म्हणाले, "गोळीबाराक नाय भियालंय, सुयेक भियान? माका काय्येक झाला नाय! पचली लस!"

झालं! चाळीने तेच धरलं. ज्याला ताप आला तो लेचापेचा, ज्याला काही झालं नाही त्याला लस पचली. शेजारीण मला बघून "अगो, तुका सोसूक नाय गो" म्हणून हळहळायची. तापापेक्षा ती हळहळच मला जास्त झोंबायची.

एकट्या आईला ते पटलं नव्हतं. स्टोव्हला पंप मारता मारता ती मला म्हणाली, "देवीची लस उठली नाय, फोड इलो नाय, तर परत टोचतत. ह्येंची खंय उठली? परत टोचून घेवा म्हणान सांग तेंका."

मी खेकसले. "अगं आई, ती देवी, हा फ्लू! कळत नाही त्यात कशाला तोंड घालतेस?"

सातवी पास होते ना मी! आई भाताला आधण ठेवायला लागली.

पंधरा-वीस दिवसांनी साथ आमच्या गावकऱ्यांच्या खोलीत शिरली. पलीकडच्या चाळीत गावाहून एकटे आलेले पुरुष एकाच खोलीत राहायचे, पाळी सुटेल तसे येऊन झोपायचे. त्यातले निम्मे आडवे झाले. त्यांना पेज कोण नेऊन देणार? बाबा गावातले वडीलधारे, आणि त्यांना लस पचलेली. ते निघाले.

"मी जाते," मी म्हटलं. "माझा ताप कधीच उतरलाय."

"गप रव. सुयेन लोळलंस तू, साथ कशी सोसतलंस? आणि पुरुषांची खोली ती."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. नाही बोलले. बाबांना उलट बोलायची हिंमत नव्हती आणि आईचं खरं असेल हे कबूल करायचीही नव्हती.

तीन दिवस ते पेजेचा टोप घेऊन गेले. तापलेल्यांची अंगं पुसली, त्यांच्या ओकाऱ्या काढल्या. मी गॅलरीत उभी राहून त्यांची चाल बघायची, कुठे पाय अडखळतो का. चौथ्या दिवशी ते जिन्यातच बसले. "दम लागलो," म्हणाले आणि हसले. मी त्यांच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

डॉक्टर घरी आले. छाती तपासून म्हणाले, "न्यूमोनिया आहे."

"पण त्यांना लस टोचलीय!" मी ओरडलेच.

"टोचली हो. पण या वयाला ती लागतेच असं नाही."

मी बाबांच्या उशाशी बसून राहिले. त्यांचा खोकला सगळा माझ्या तोंडावर. मला साधी शिंक आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा दंड चाचपला. "गाठ गेली गो?"

"गेली बाबा."

दुपारी ते गेले. आई मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर फार बरं झालं असतं.

आता माझी नात डॉक्टर आहे. ती सांगते, तरुण बाईचं शरीर लशीला जोरात भिडतं, म्हणून ताप आणि सूजही बायकांना जास्त. वय झालं की तो जोर ओसरतो, बाईचाही आणि पुरुषाचाही. "पण आजी, दंड सुजला नाही म्हणजे लस लागली नाही, असं नसतं हं," असंही ती बजावते. कळतं मला. आईचं कारण चुकीचं होतं, भीती खरी होती.

परवा नातीने मला फ्लूची लस टोचली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "आजी, ताप? दंड दुखतोय?"

मी दंड दाबून पाहिला. काहीच नाही.

"नाही गं."

"छान!" म्हणून तिने फोन ठेवला. मी दार लावून घेतलं, खुर्चीत बसले आणि दंड पुन्हा दाबला, जोरात, दुखावा म्हणून.