श्रावणात तोडलेला बांबू

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच रेवसच्या निम्म्या वाटेत असताना सुमनवहिनींचा फोन आला. इंजिनाच्या धडधडीत मला एवढंच ऐकू आलं, "भावोजी, आमचे हे..." आणि रेंज गेली. वहिनी मला फोन करायच्या त्या नवऱ्याची तक्रार सांगायलाच. हे वेळेवर जेवत नाहीत, हे शेडवरून घरी येत नाहीत, मित्र म्हणून तुम्ही तरी बोला. त्यामुळे रेवसचा धक्का येईपर्यंत मी यशवंताला काय काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव करत बसलो. बासष्टाव्या वर्षी माणसाने किती राबावं, हट्टालाही काही वय असतं, वगैरे. भाषण चांगलं झालं होतं. धक्क्यावर उतरलो, फोन पुन्हा लागला आणि कळलं, की सकाळी शेडमध्ये बांबू चिरायच्या यंत्राला टेकून तो जरा बसला, तो बसलेलाच राहिला. म्हणजे तो सगळा वेळ मी एका मेलेल्या माणसाला झापत होतो.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. त्यात यशवंताचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो त्याच्या तिप्पट होते. सर्वांत मोठा भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांचं पूर्ण नाव मी इथे लिहीत नाही, ते फ्लेक्सवर पुरेसं लिहिलेलं असतं. यशवंताच्या फोटोखाली 'कोकणचे बांबूपुरुष' असं छापलं होतं. जिवंतपणी त्याला नाक्यावरचे लोक 'बांबूवाला' म्हणायचे, आणि गेलं दीड वर्ष त्याहूनही वाईट काहीतरी.

आम्ही दोघं शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी त्याच शाळेत मास्तर झालो आणि तो आयटीआयमध्ये सुतारकामाचा शिक्षक. तीस वर्षं त्याने मुलांना रंधा धरायला शिकवलं. लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने त्यावर दोनदा ठोकायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं, ही त्याची सवय. लग्नाला गेला तर नवऱ्यामुलाच्या आधी स्टेजवरची खुर्ची ठोकून पाहायचा. माझ्या घरी नवं पुस्तकांचं कपाट आलं तेव्हा मी कौतुकाच्या अपेक्षेने उभा होतो. त्याने ठोकलं, ऐकलं आणि म्हणाला, "सागवान नाही हे, मास्तर. फसवलंय तुला. पण पुस्तकं खरी आहेत ना? मग झालं."

बांबू त्याच्या डोक्यात शिरला तो दिवेआगरला. चक्रीवादळानंतरच्या आठवड्यात वहिनींच्या माहेरचं छप्पर बसवायला तो गेला आणि मी सोबतीला, म्हणजे पाहायला. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. पोफळी काडेपेटी उलटी करावी तशा पडलेल्या, नारळ मुळासकट उपटलेले. लोक वाडीत नुसते उभे होते, कारण बसायला जागाच नव्हती. घरामागे मात्र बांबूचं एक बेट, पानं झडलेली तरी, उभं होतं. यशवंत बराच वेळ त्याच्यासमोर थांबला. मग एका बांबूवर ठोकून म्हणाला, "हा वाकला, झोपला आणि उठला."

"बांबूच आहे रे तो. त्याचं काय एवढं?"

"त्याचं काय एवढं, असं सगळ्यांना वाटतं ना... तेच."

वर्षभरात तो निवृत्त झाला आणि त्याने खाडीजवळ एक बंद पडलेली बर्फाची शेड भाड्याने घेतली. बांबू उभा चिरायचं यंत्र आलं, पट्ट्या रंधायचं आलं, पट्ट्या किडीच्या औषधात उकळायची लोखंडी टाकी आली आणि शेवटी एका गिरणीतून काढलेला जुना हॉट प्रेस आला. पट्ट्या सुकवायच्या, डिंक लावून एकमेकींवर आडव्या-उभ्या रचायच्या आणि प्रेसमध्ये तापवून दाबायच्या, की निघते ती सलग फळी. तिला रंधा मारता येतो, खिळा ठोकता येतो, बाक करता येतो. कर्जाच्या अर्जावर मी 'अभियांत्रिकी बांबू उत्पादन प्रकल्प' असं लिहिलं. यशवंताने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे काय बनवतंय? मी तर फळ्या करणार आहे."

नाक्यावर कुणीतरी विचारलंच, "काय यशवंतराव, उतारवयात टोपल्या विणणार काय?" तो हसून म्हणाला, "टोपल्या नाही, खुर्च्या. तुम्ही बसलात की उठत नाही, म्हणून मजबूत करतोय." तेव्हा हशा त्याच्या बाजूने होता.

पहिल्या फळ्यांना टाकीतल्या औषधानंतरही भुंगा लागला. बांबूत गोडवा असतो आणि भुंग्याला तो समजतो. उपाय सापडला तो कोळीवाड्यातल्या धर्माकाकांकडे. डोल जाळ्यासाठी समुद्रात खांब रोवणारी ही माणसं. काका शेडमध्ये आले, फळी नाकाशी धरली आणि यशवंताला म्हणाले, "मास्तरा, ह्यो पावसात तोडलेला हाय नं? पावसात कोंब फुटतान, सगली ताकद रसात असतंय. आमी दिवाळीबिगर कोयता लावीत न्हाय. आनी तोडला तरी अवसेकडं. मंग तीन हप्तं खाडीत गाडून ठेवायचा, वर दगड. खारं पानी गोडवा चोखून घेतंय. मंग किडा येतो, चाखतो, थू करून जातो." यशवंत आयटीआयचा तीस वर्षांचा शिक्षक, पण त्याने वहीत हे सगळं विद्यार्थ्यासारखं उतरवून घेतलं. हिवाळ्यात तोड, तीन आठवडे खाडी, मग टाकी, मग सावलीत सुकवण. या चारांतली एक पायरी गाळायची नाही, हे त्याने शेडच्या दारावर खडूने लिहिलं. त्यानंतर जी पहिली फळी निघाली तिचं त्याने मला टेबल करून दिलं. हा लेख मी त्याच टेबलावर लिहितो आहे. त्यावर ठोकलं तर घंटेसारखा आवाज येतो, असं तो म्हणायचा. मला नेहमी दारावर ठोकल्यासारखाच आला.

ते टेबल पाहून आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी चाळीस बाकांचं काम दिलं. "घाई नाही, पुढल्या उन्हाळ्यात द्या," म्हणाल्या. "किती टिकतील?" यशवंत म्हणाला, "आज पहिलीत बसणाऱ्याची मुलं यावर बसतील." त्याला फुकट शब्द द्यायची सवय नव्हती. माझ्या आठवणीतला हा त्याचा सर्वांत मोठा शब्द.

आणि मग भाऊसाहेबांना बांबूचा साक्षात्कार झाला. कुठल्याशा बैठकीत त्यांनी ऐकलं होतं की बांबू हे हिरवं सोनं आहे. शेडचं रीतसर उद्घाटन व्हायला हवं, आणि मोठ्या पाहुण्यांना वेळ आहे तो फक्त श्रावणात. व्यासपीठ बांबूचं, भाषणाचं पोडियम बांबूचं, आणि पाहुण्यांच्या हस्ते चाळीस बाक शाळेला अर्पण. यशवंत म्हणाला, पक्का माल टेबलापुरताच होता, तो संपला. नवी तोड दिवाळीनंतर. भाऊसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, आजूबाजूला एवढी बेटं हिरवीगार उभी आहेत. निसर्गाने दिलंय, आपण मुहूर्त कसला बघता?" श्रावणातल्या कार्यक्रमाचा मुहूर्त ज्यांनी गुरुजींना विचारून काढला होता, तेच हे बोलत होते.

त्या संध्याकाळी यशवंत माझ्याकडे आला. याच टेबलापाशी बसला. चहा निवला तरी घेतला नाही.

"काय करू रे? खाडीला वेळ नाही. सुकवायला वेळ नाही. टाकीत एक उकळी काढून सरळ प्रेसला लावावं लागेल. नाही म्हणून टाकू?"

आज मला स्वच्छ कळतं की तो सल्ला मागायला आला नव्हता. 'नाही' तो घरूनच घेऊन आला होता. त्याला त्यावर दुसरी सही हवी होती. आयुष्यभर मी हारतुऱ्यांची टिंगल केली. शिक्षकांच्या खोलीत माझ्या नकला प्रसिद्ध होत्या. मी नाही म्हणेन याची त्याला खात्री असणार. मी म्हणालो, "एका दिवसाचा तर कार्यक्रम आहे, यशा. एवढ्याने काय होतंय? अशा लोकांना नाही म्हटलं तर पुढे अडवतात. करून टाक."

"मास्तर, तूही?" तो एवढंच म्हणाला आणि थंड चहा पिऊन गेला.

मी तसं का म्हणालो? अडवतील ही भीती खरी होती, पण ते अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की निमंत्रणपत्रिका दोन दिवस आधीच छापून याच टेबलाच्या खणात येऊन पडली होती, आणि तिच्यावर 'सूत्रसंचालक' म्हणून माझं नाव होतं. तो हे बोलत होता तेव्हा त्याच्या आणि त्या पत्रिकेच्या मध्ये या टेबलाची एक फळी होती. तिला कीड नव्हती.

कार्यक्रम दणक्यात झाला. भर पावसात बेटांवर कोयते चालवले होते. धर्माकाका शेडच्या दाराशी येऊन ओल्या पट्ट्या बघून गेले आणि कार्यक्रमाला आले नाहीत. दारावरची खडूची ओळ रंगरंगोटीत पुसली गेली होती. पाहुण्यांनी पोडियमवर हात आपटून सांगितलं की ही कोकणची उद्याची ताकद आहे. मी त्यांची ओळख करून देताना विशेषणं वापरली. आठवून आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. यशवंत शेवटच्या रांगेत उभा होता. एरवी ठोकून पाहिल्याशिवाय वस्तू न सोडणारा माणूस, त्याने त्या दिवशी एकाही बाकाला हात लावला नाही.

परीक्षेच्या दिवसांत बाकांखाली पिवळसर पीठ पडायला लागलं. आधी वाटलं खडूचा भुगा. मग मुलांच्या गणवेशावर पडलं, उत्तरपत्रिकांवर पडलं. शांत वर्गात कान दिला तर कुरतडल्याचा आवाजही येई. निकालाच्या दिवशी एक बाक मुलीसकट बसला. तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण नाक्याला तेवढं पुरलं. बांबूवाल्याचा आता 'भुसावाला' झाला. ज्यांनी फळ्या सांगून ठेवल्या होत्या ते गप्प झाले. भाऊसाहेबांनी, विचारलं तर, कामात गुणवत्ता हवी असं मत दिलं.

यशवंताने शाळेला एकच चिठ्ठी लिहिली: चूक माझी, चाळीसही बाक बदलून देईन. बांबू ओला का होता, घाई कुणाची होती, एक अक्षर नाही. माझ्यापाशीही नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाला, "कोयता मी लावला ना? बाकीच्यांनी नुसतं तोंड लावलं." दिवाळीपर्यंत हात बांधून बसला आणि मग सुरू केलं. तोड, खाडी, टाकी, सुकवण. कामगार ठेवणं परवडत नव्हतं, म्हणून सगळं एकट्याने. एक हिवाळा गेला, दुसरा आला. तयार बाक स्वतः टेम्पोत घालून न्यायचा, वर्गात मांडायचा, ठोकायचा, ऐकायचा आणि जुना परत आणून जाळायचा. एकतीस झाले होते.

पोडियमही त्याने परत मागितलं होतं. ते ग्रामपंचायतीच्या सभागृहात ठेवलं होतं. उत्तर आलं की पाहुण्यांनी त्यावरून भाषण केल्याने ती ऐतिहासिक वस्तू आहे. त्याऐवजी त्याला चकचकीत पॉलिश मारून घेतलं.

घरी जलदानविधी साधा झाला. वंदना झाली. शोकसभा मात्र सभागृहात आणि त्याच पोडियमवरून. भाऊसाहेब म्हणाले की यशवंतराव मोडले पण वाकले नाहीत. बांबूबद्दल याहून चुकीचं बोलता येईल असं मला वाटत नाही. बोलताना त्यांनी भावनेच्या भरात दोनदा मूठ आपटली आणि दोन्ही वेळा पॉलिशच्या भोकांतून पिठाची बारीक धार त्यांच्या काळ्या बुटांवर उतरली. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना दिसली. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मग माझं नाव पुकारलं. "यशवंतरावांचे बालमित्र..." मी उठलो, पोडियमपर्यंत गेलो आणि काही न बोलता परत येऊन बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांना गहिवरून आलं.

परवा सकाळी धर्माकाका दारात आले. आत यायला तयार नव्हते. म्हणाले, "मास्तर, त्याचा बांबू खाडीत हाय. जायच्या दोन दिस आदी आमीच दोगांनी गाडला. भरलं तीन हप्तं. काढायचा का कुजवायचा?"

ओहोटीला आम्ही दोघं चिखलात उतरलो. दगड काकांनीच उचलले. मी धरल्यासारखं केलं. नऊ बाकांचा बांबू होता, मोजून आणलेला, एकही जास्त नाही. काठावर ओळीने लावला. त्यातून खारं पाणी निथळत होतं आणि काका माझ्याकडे बघत होते, म्हणून मी वाकून एका बांबूवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं आणि मान तिरकी केली.

"काय म्हनतोय?" काकांनी विचारलं.

मला काहीच ऐकू आलं नाही. मी पुन्हा ठोकलं.