कंदील आधी, माणूस नंतर

मी नागपूरच्या नळाच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन उमरेडच्या रस्त्यावरच्या त्या वस्तीत आले तेव्हा विहिरीतून बादली कशी ओढायची हेही मला धड येत नव्हतं. दोर हातातून सुटायचा आणि वस्तीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. सासूबाई हसत नसत. त्या नुसत्या बघत राहायच्या आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, मला काठाशी उभं करून बजावलं की ही विहीर सरकारची नाही, पाटलाची नाही, आपली आहे, हिचं पाणी सांडायचं नाही.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परतल्यावर मामाजींनी आणि वस्तीतल्या पुरुषांनी ती खोदली होती. त्याआधी आमच्या बाया गावच्या विहिरीवर जायच्या, पण दोराला हात लावायची सोय नव्हती. लांब उभं राहून भांडं पुढे धरायचं, गावातली कोणी वरून ओतेल तेव्हा ओतेल. कायदा काय म्हणत होता ते कायद्यालाच ठाऊक. मग या लोकांनी उन्हाळाभर मुरूम फोडला आणि पाणी लागलं. वरून ओतलेलं पाणी यापुढे प्यायचं नाही, असं मामाजींनी आणि सासूबाईंनी त्या दिवशी ठरवलं. दोघांनी ते इतकं पाळलं की परगावी लग्नाला जातानाही घरचं पाणी बरोबर न्यायचे. मला तो अतिरेक वाटायचा आणि मी तसं नवऱ्याजवळ बोलूनही दाखवायची.

दर उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढत. त्याची रीत ठरलेली होती. आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. विझला तर खालची हवा वाईट, कोणी उतरायचं नाही. तेवत राहिला तर उतरायचं, आणि माणूस खाली असेपर्यंत कंदील त्याच्याजवळच टांगून ठेवायचा. कंदील आधी, माणूस नंतर, असं तिथलं लहान पोरही सांगायचं. पहिला माणूस कायम मामाजी. त्या विहिरीत कधी कोणाला साधं खरचटलंही नव्हतं, तेव्हा रीतीबद्दल शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं.

सत्तरच्या दशकात बोरिंगवाले आले. जमिनीखाली कोळसा कुठवर आहे ते बघायचं होतं म्हणे. वस्तीला लागून असलेल्या पडीक जमिनीत त्यांनी यंत्र उभं केलं आणि आमच्या फळीवरच्या कपबशा दिवसभर किणकिणायला लागल्या. भोकातून निघालेला करडा राडा, त्यात डिझेल आणि ग्रीस, सगळं बाजूच्या खड्ड्यात सोडत. एक दिवस भोकातल्या पाण्याला बुडबुडे यायला लागले. पाणी गार, पण उकळल्यासारखं दिसे. आम्ही बघायला गेलो तर फोरमनने सगळ्यांना मागे हटवलं आणि इथे बिडी पेटवाल तर खबरदार, म्हणून दरडावलं. का, ते सांगितलं नाही. शेजारी डिझेलचे पिंप होते, म्हणून आम्ही समजलो की त्यांच्यासाठी म्हणत असेल. जमिनीतून वर येणारी हवा पेट घेते, हे एक वाक्य बोलायला त्याला किती वेळ लागला असता? मला त्या माणसाचा राग आजही येतो.

काम संपल्यावर ते भोक सिमेंटने बुजवायला हवं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. ठेकेदाराच्या माणसांनी त्यात लाकडाचा ठोकळा ठोकला, वर माती लोटली आणि यंत्र ट्रकवर घालून निघून गेले. पावसाळ्यात राड्याचा खड्डा भरून वाहिला तो थेट आमच्या विहिरीत. पाण्यावर तेलाचा तवंग आला. चहा रॉकेलमध्ये केल्यासारखा लागे. पुढे विहिरीतही बुडबुडे दिसायला लागले, तेव्हा मामाजी उलट खूश झाले. नवा झरा फुटला असेल, तोच आता घाण बाहेर काढेल, असं ते वस्तीभर सांगत हिंडले.

घाण काही निघाली नाही. मामाजींनी आणि माझ्या नवऱ्याने कोळसेवाल्यांच्या कॅम्पच्या ऑफिसात खेटे घालून चपला झिजवल्या. शेवटी एक साहेब जीपमधून आला. नाकाला रुमाल लावून त्याने विहिरीत डोकावलं आणि सगळा परिसर साफ करून देऊ, असं सांगितलं. खड्डा बुजवू, विहीर उपसू, औषध टाकू, तोवर टँकर पाठवू. टँकरच्या पाण्याला गंजाचा वास यायचा, पण त्याची तोटी आपल्या हाताने सोडता येते, म्हणून मामाजी ते पीत होते.

उन्हाळ्यात पंप आला. पाणी उपसलं तसा तळाचा काळा गाळ दिसायला लागला आणि बुडबुडे वाढले. तो गाळ हाताने काढावा लागणार होता. ऑफिसची माणसं काठावरून वाकून बघत होती, पण उतरायचं नाव कोणी घेईना. मामाजींना तेच हवं होतं. आम्ही खोदली, आम्हीच उतरू, तुम्ही पंपाकडे बघा, असं त्यांनी त्यांना सांगितलं. मग रीतीप्रमाणे कंदील खाली गेला. तो विझला नाही. उलट ज्योत उंच झाली, काचेच्या वरच्या टोकापर्यंत गेली. माझ्याकडे वळून मामाजी म्हणाले, "पाह्य वं, कशी तरारली. हवा चोख हाय."

ते खाली उतरले. कंदील त्यांच्या खांद्याजवळ टांगलेला होता. त्यांनी गाळात फावडं घातलं, पायाने दाबलं आणि गाळाखाली कोंडलेली सगळी हवा एकदम मोकळी झाली. आवाज फार मोठा नव्हता, पोतं आपटल्यासारखा होता. विहिरीच्या तोंडातून जाळ वर आला आणि गेला. लोकांनी त्यांना ओढून वर घेतलं तेव्हा ते शुद्धीवर होते. मी त्यांच्या हातांकडे एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. साहेबाच्या जीपमधूनच त्यांना नागपूरला नेलं.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी आशा दाखवली नाही. मागतील ते द्या, म्हणाले. मामाजींनी मागितलं ते फक्त पाणी. दवाखान्याचं पाणी त्यांनी थुंकून टाकलं, त्याला औषधाचा वास येतो म्हणून. आपल्या विहिरीचं पाहिजे. पंप लागला आहे, म्हणजे एव्हाना ती साफ झाली असेल, असाच त्यांचा हिशेब होता. सासूबाईंनी मला कडीचा डबा देऊन सकाळच्या बसने पाठवलं.

मी पोचले तर विहिरीत ट्रकने मुरूम टाकत होते. धोका आहे, म्हणून कायमची बंद करा, असा वरून हुकूम होता. साफ करून देतो म्हणाले होते, ते हे असं. टँकरचा गंज मामाजींनी पहिल्याच घोटाला ओळखला असता. आमच्या विहिरीसारख्या चवीचं पाणी आसपास एकाच जागी होतं. मी गावच्या विहिरीवर गेले.

एरवी मी दोर हिसकावून घेतला असता आणि कोणी ब्र काढला असता तर त्याला पोलीस ठाण्यापर्यंत ओढलं असतं. पण दुपारची बस गाठायची होती. मी लांब उभी राहिले आणि डबा पुढे धरला. तिथल्या बाईने, हात लागू न देता, वरून पाणी ओतलं. म्हातारा कसा आहे, असंही तिने विचारलं. ती वाईट नव्हती, याचाच मला जास्त संताप आला. बसमध्ये मी डबा मांडीवर घेऊन रडत होते.

वॉर्डाच्या बाहेर मी सासूबाईंना सगळं सांगितलं, विहिरीचं आणि पाण्याचंही. त्या डबा घेऊन आत गेल्या आणि चमच्याने मामाजींना पाणी पाजायला लागल्या. मामाजींनी पहिला चमचा बराच वेळ तोंडात धरला.

"गोड हाय," ते म्हणाले. "साफ झाली मंग?"

"झाली," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी आणखी मागितलं. सासूबाई पाजत राहिल्या. संध्याकाळी ते गेले. नवरा कागदपत्रांच्या मागे धावत होता, आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो होतो. डब्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. मी ते ओतून टाकायला उठले, तर सासूबाईंनी डबा माझ्या हातातून घेतला, तोंडाला लावला आणि रिकामा केला.

"त्यायनं एकट्यानंच काहून प्यावं?" त्या म्हणाल्या.