पूर्वेला तोंड केलेले पॅनल

ती घटना आजही मला स्वस्थ बसू देत नाही. गुन्हा उघडकीस आला, आरोपी सापडला, मुद्देमाल जप्त झाला. कागदावर सगळं चोख. तरीही कुणाच्या छतावर माणूस चढताना दिसला की माझं लक्ष हातातल्या कामातून उडतं.

मी तेव्हा अंजनगाव सुर्जीला ठाणेदार होतो. गावात घरोघरी सोलर बसत होतं. आमच्या वऱ्हाडातल्या उन्हाने तोवर फक्त शिव्या खाल्ल्या होत्या. आता त्याच उन्हावर लोक कूलर आणि पाण्याची मोटर चालवू लागले होते. चहाच्या टपरीवर कापसाच्या भावाइतकीच ‘तुह्या घरी किती युनिट झाले बे?’ ही चौकशी चाले. अशातच छतांवरचे पॅनल चोरीला जाऊ लागले, आणि तेही भरदुपारी. मे महिन्याच्या दुपारी इथे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं बंद, आत कूलरची घरघर. वर कुणी पान्याने नट सोडवत बसला तर खाली पत्ता लागत नाही.

तिसरी तक्रार घेऊन शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. एकट्या राहायच्या. पण चोरीपेक्षा दुसरंच काही त्यांना खात होतं.

“संशय कुणावर?” मी विचारलं.

“संशय म्हणता येत नाही साहेब. पण माझं छत त्यालाच माहीत आहे. त्यानंच लावले होते.”

‘तो’ म्हणजे सोलर बसवणारा कारागीर. गाव त्याला वायरमन म्हणे. आयटीआय झालेला, बौद्ध कुटुंबातला, कामाला पक्का आणि तोंडाने फटकळ. चोरी झालेल्या तिन्ही घरांवर त्यानेच पॅनल बसवले होते. एवढं गावाला पुरेसं होतं. तोच चोर, यावर गावाचा विश्वास इतक्या झटकन कसा बसला, याचं एक कारण मला तेव्हाही कळत होतं. ते मोठ्याने कुणी बोलत नव्हतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी खबर आली. बाईंच्याच गल्लीत गाद्यांचं दुकान असलेला एक गृहस्थ माझ्या टेबलावर ओणवा होऊन हळू आवाजात म्हणाला, “माहं नाव येऊ देऊ नका साहेब. वायरमनच्या घरामागं पॅनल पडून हाय. मी माह्या डोयानं पाह्यला.”

स्टेशन डायरीला नोंद घेतली, पंच बोलावले आणि गेलो. पॅनल होता खरा. कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून टाकलेला, काचेला तडे गेलेला. गारपिटीत फुटलेला, गिऱ्हाइकाने टाकून दिलेला, असं वायरमनचं म्हणणं. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. फाटकाबाहेर माणसं जमलीच होती.

चौकशीत बहुतेक माणसं आधी घाबरतात, मग रडतात, मग खोटं बोलतात. हा तिन्हीपैकी काहीच करेना. नुसता चिडला होता.

“चोरी मी केली नाई, हे तुमाले आज ना उद्या समजन,” तो म्हणाला. “पन माहा धंदाच लोकाईच्या छतावर चढाचा हाय, साहेब. आता मले कोन चढू देईन?”

वर पंखा गरम हवा फेकत होता, फोनवर फोन येत होते, आणि वरिष्ठांना संध्याकाळपर्यंत अटक हवी होती. मी उठून खोलीत फेऱ्या मारू लागलो. माझी ती जुनी खोड. पाय चालले की डोकं चालतं.

“तुझं कुणाशी वाकडं आहे?”

“वाकडं काहून असन? पन भांडनं रोजचीच. मी पॅनल दक्षिनेलेच तोंड करून लावतो. आपल्याकडं तिकडूनच सगळ्यात जास्त ऊन भेटते. अन् लोक म्हनतात, दक्षिन यमाची, तिकडं तोंड नको. आमच्यात ते मानत नाई. मले हासू येते. मंग लोकाईले राग येते.”

“कोण रागावलं?”

“लय जन. हिवरखेडच्या एकानं तं उतरवलेलं सामान परत न्याले लावलं. म्हने, पूर्वेलेच लाव. मी म्हनलं, मंग दुसरा पाहा. त्या गादीवाल्याचा जावई होता तो. सासऱ्यानंच मले धाडलं होतं, उधारीवर.”

मी चालता चालता थांबलो. पण या धाग्यावर कुणाला पकडता येत नाही, म्हणून पुन्हा चालू लागलो.

संध्याकाळी गादीवाला पुन्हा हजर. “कबूल झाला का साहेब?”

नोकरीत शिकलेली एक गोष्ट सांगतो. खबर देणारा माणूस त्यानंतर ठाण्याची सावलीही टाळतो. त्याला आपलं नाव फुटायची भीती असते. जो तपासाचा निकाल विचारायला परत येतो, त्याला भीती वेगळीच असते. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि वायरमनची अटक सकाळपर्यंत लांबवली. त्याबद्दल फोनवर बोलणी खाल्ली ती खाल्लीच.

सकाळी साध्या कपड्यांत अकोटमार्गे हिवरखेड गाठलं. जिल्हा अकोला, हद्द दुसऱ्याची, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवून त्यांचा एक हवालदार सोबत घेतला. कुणाला घर विचारायची गरजच पडली नाही. गावातले झाडून सगळे पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसले होते. एकाच स्लॅबवरचे पूर्वेकडे. सगळा वर्ग फळ्याकडे पाहत असताना एका पोराने खिडकीकडे पाहावं, तसे.

दारात जावई उभा होता. “चांगलं बसवलं,” मी म्हणालो. “कुणी लावून दिलं?”

“आमीच लावले. मोटर दुरुस्त करनाऱ्याले घेतलं संगं. सामान सासऱ्यानं धाडलं, लग्नात कबूल केलं होतं त्याईनं.”

“पण पूर्वेला का?”

“मंग काय यमाकडं तोंड करू?” तो हसला. हवालदारही हसला. मला हसू आलं नाही.

पंचांसमक्ष पॅनल उतरवले. प्रत्येकाच्या पाठीवर छापलेला क्रमांक बाईंच्या आणि बाकी दोन घरांच्या बिलांशी पडताळला आणि तो जुळला. दुपारपर्यंत गादीवाला माझ्यासमोर होता. त्याने फार वेळ घेतला नाही. वायरमनचं सामान परत गेल्यावर दुसरं कुणी उधार देईना. घरं आपल्याच गल्लीतली, दुपारची झोप माहितीची. पॅनल गादीच्या खोळीत घालून दुकानाच्या टेम्पोतून नेले. बघणाऱ्यांना गाद्याच दिसल्या. “पोरीच्या संसारासाठी केलं साहेब, तिले रोज टोमने मारत होते,” म्हणून तो रडला. त्याचं रडणं खरं होतं. मला वाईटही वाटलं.

“आणि वायरमनचं नाव कशाला घेतलंस?”

त्याने डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, “कोनाचं तं नाव येनारच होतं ना साहेब. त्याचं लवकर पटलं असतं.”

इतक्या वर्षांत खुनाचे कबुलीजबाब ऐकले, पण असा संताप मला क्वचितच आला. कारण तो खोटं बोलत नव्हता.

वायरमनला सोडलं. पुढे कोर्टाच्या हुकमाने पॅनल ज्याचे त्याला मिळाले आणि आपले परत बसवायला बाईंनी त्यालाच बोलावलं. मला बरं वाटलं. त्या दिवशी गस्तीवरून येताना गाडी मुद्दाम त्यांच्या गल्लीतून घेतली. वर तो नट आवळत होता, आणि पलीकडे डोक्यावर छत्री धरून बाई उभ्या होत्या.

“बाई, खाली बसा. ऊन लागन,” तो म्हणाला.

“नाही रे, सहज आले वर,” बाई म्हणाल्या. पण हलल्या नाहीत.

नंतर कळलं, आता प्रत्येक घरात त्याच्यासोबत कुणी ना कुणी वर येतं. कुणी पाणी घेऊन, कुणी गप्पा मारायला. त्याला चोर कुणीच म्हणत नाही. निर्दोष सोडल्याची नोंद मी माझ्या हाताने केली होती. ती छतापर्यंत पोहोचली नाही. आरोपी शोधणं पोलिसाच्या हातात असतं. संशय एकदा गावात सोडला की तो परत बोलावता येत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

निवृत्तीनंतर अमरावतीत घर बांधलं. सोलर बसवायला अंजनगावहून त्यालाच बोलावलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो थांबला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “चला साहेब.”

“मी कशाला? तुझं काम तू कर.”

तो गेला. मी खाली अंगणात खुर्ची टाकली, पेपर उघडला. खरं सांगतो, त्या दुपारी मला बसवेना. वरून पान्याचा आवाज यायचा, मध्येच थांबायचा, आणि आवाज थांबला की पाय आपोआप जिन्याकडे वळायचे. पोलिसाची जात. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

उन्हं कलल्यावर तो घाम पुसत खाली आला. पेपर माझ्या मांडीवर पहिल्याच पानावर उघडा होता. त्याने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“तुमी वर आले नाई,” तो म्हणाला. मग तोंड फिरवून बराच वेळ नळावर हात धूत राहिला.