भावाचं लाकूड

आमच्या गल्लीत तिला सगळे पॉलिशवाली म्हणतात. लाकडाला पॉलिश करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि भांडणातही नाही. माझं हार्डवेअरचं दुकान. पॉलिश पेपरचा नंबर एकानं चुकला तरी ती अख्खं दुकान डोक्यावर घेते. मी सांगतेय ते माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. पटत नसेल त्यानं खुशाल पान उलटावं.

तिचा नवरा सुतार, आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. लग्नाआधी तो तिच्याकडे दारं पॉलिशला आणायचा, आणि पुढे पुढे तर पॉलिश झालेलीच दारं पुन्हा घेऊन यायचा. सगळी गल्ली हसायची, ह्या दोघांना पत्ताच नव्हता. मिस्त्रीला एकच खोड. लाकूड हाती आलं की वाकवलेल्या बोटानं आधी ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर आल्या पावली परत. माझ्या दुकानाचा काउंटरसुद्धा त्यानं नापास केला होता.

मिस्त्रीच्या आत्यानं जाताना आपलं दुमजली घर त्याच्या नावावर केलं. त्याचा थोरला भाऊ ठेकेदार. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वरवर मात्र गोड. "जिना पार खिळखिळा झालाय, फळ्या मी पाठवतो," म्हणाला, आणि पॉलिशसकट पाठवल्या. पॉलिशवाली फुरंगटली, घरच्या जिन्याला बाहेरचं पॉलिश! पण मिस्त्रीनं तिला गप्प केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा लाकूड न ठोकता लावलं. "भावाचं लाकूड ठोकून बघायचं? त्याला काय वाटेल?"

तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात वरची पायरी त्याच्या पायाखाली मोडली. तो खाली फरशीवर आपटला आणि जागीच गेला. ठेकेदार सगळ्यांत मोठ्यानं रडला.

महिनाभर पॉलिशवालीनं धड अन्न खाल्लं नाही. मग एक दिवस ती मोडकी फळी घेऊन बसली आणि स्पिरिटच्या फडक्यानं तिचं पॉलिश उतरवलं. खाली किड्यांनी पाडलेली भोकं होती. एकेक भोक भुसा आणि मेण कालवून बुजवलेलं, वर रंग बेमालूम जुळवलेला. हे काम चुकून होत नाही, कुणीतरी बसून निगुतीनं करावं लागतं. ते कुणी करवून घेतलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्याच आठवड्यात घरात ठोकणं सुरू झालं. मी सकाळी दहाला तिच्या पॉलिशची चपडी लाख पोहोचवायला गेले तर दाराची चौकट वाजली, मग खिडकी, मग कपाट. टक टक. जवळ कुणी नाही. मी दोन पावलं मागे सरले. ती मात्र चहाचे दोन कप घेऊन बसलेली.

"घाबरू नका ताई, आमचे हेच आहेत. रोज दहाच्या चहाला येतात. मेल्यावर अक्कल आली, आता सगळं घर ठोकून बघतायत." मग मान खाली घालून म्हणाली, "पॉलिश करताना फडक्याखाली ऊब लागते. त्यांचा हात असतो." या वयात बाई लाजली. त्या दिवसापासून ती जेवायला लागली, गुणगुणायलाही लागली.

पण ठेकेदाराचं नाव निघालं की तिचा चेहरा दगड व्हायचा. मी म्हटलं, पोलिसात जा.

"ते काय म्हणतील? लाकूड किडतंच. मला भाऊजी त्याच पायरीवरून पडायला हवेत."

जिन्याच्या बाकी फळ्या तिनं केव्हाच बदलून घेतल्या होत्या. ठेकेदाराच्या फळ्यांतली एक उरली होती, तीही आतून पोखरलेली. ती तिनं आरशासारखी चमकवली आणि वरच्या पायरीला लावली. मग निरोप धाडला, "घर विकायचंय, वरच्या खोल्या बघून घ्या." दुपारी ठेकेदार आणि जाऊबाई आले. मलाही तिनं बोलावलं होतं. मी सगळं जाणून गेले आणि तोंड उघडलं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तो पडलेला बघायचा होता.

ठेकेदार ऐटीत वर चढला. शेवटच्या पायरीसाठी पाय उचलला आणि ती पायरी वाजली. टक टक. बद्द. त्याचा पाय तसाच राहिला. पुन्हा वाजली.

"टाका ना पाय, भाऊजी," पॉलिशवाली खालून म्हणाली. "तुमचंच लाकूड आहे."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कठडा धरून तो मटकन खाली बसला.

"अहो, काय झालं?" जाऊबाईंनी विचारलं.

"मला वाटलं, तो ठोकून बघेल," ठेकेदार म्हणाला. "नेहमी बघतो. चार शिव्या देईल आणि परत पाठवेल. मला वाटलं, ठोकून बघेलच."

जाऊबाई तडक निघून गेल्या. पॉलिशवाली मात्र ठेकेदाराकडे बघतच नव्हती. ती त्या पायरीकडे बघून ओरडली, "वाचवलंत त्यांना? जीव गेला त्यांच्यापायी, तरी भाऊच? मग मी कोण तुमची?" कठड्यावर तिच्या हाताशी हळूच टक टक झालं. तिनं हात काढून घेतला.

मग ती ठेकेदाराला म्हणाली, "घर हवं होतं ना? घ्या. इथेच राहायचं, विकायचं नाही, कुलूप लावून जायचं नाही. ज्या दिवशी घर सोडाल, त्या दिवशी मोडकी फळी घेऊन मी पोलिसात. आणि आत्ता जे बोललात त्याला ताई साक्षीला आहेत."

ती त्याच संध्याकाळी माझ्या गोदामावरच्या खोलीत आली. ठेकेदार त्या घरात एकटा राहतो. त्याची खाट वाजते, टेबल वाजतं, टेकावं ती भिंत वाजते. परवा हात जोडून आला होता, "तू सांगितलंस तर तो थांबेल." तिनं मानसुद्धा वर केली नाही.

तो गेल्यावर मी म्हटलं, "सूड पुरा झाला, पण तूही त्याला गमावलंस ना?"

"रोज दहा वाजता वाटतं, धावत जावं," ती म्हणाली. डोळ्यांतून धार लागली होती, फडकं थांबत नव्हतं. "पण ताई, त्या वेळी भावापायी ते मला टाकून गेले आणि मी रडले. या वेळी मी टाकून आलेय. आता रडू देत त्यांना."