बाहेर थांबलेला ड्रायव्हर

राजधानीचे रस्ते त्याला तोंडपाठ होते. एकतीस वर्षं तो सहलींच्या बसवर ड्रायव्हर होता. शनिवारी सकाळी माणसं संग्रहालयाच्या फाटकाशी उतरवायची आणि रविवारी संध्याकाळी डोकी मोजून परत बसवायची. कुठल्या इमारतीमागे दुपारी सावली पडते, कुठल्या नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, कुठला पहारेकरी हॉर्न वाजवला की अंगावर येतो, सगळं त्याला ठाऊक. आत काय ठेवलंय ते मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "गाडी सोडून जाता येत नाही."

तो निवृत्त झाला तेव्हा मुलीने राजधानीच्या बसची दोन तिकिटं हातात ठेवली. "बाबा, आईला घेऊन जा. या वेळी गाडी दुसरं कुणी चालवेल."

शनिवार मजेत गेला. बायको दर दालनात विचारायची, "अहो, हे काय आहे?"

"मला काय विचारतेस? याच्या मागच्या भिंतीबद्दल विचार, खडान्‌खडा सांगतो."

देवमाशाच्या सांगाड्याखाली मात्र तो पाव तास मान वर करून उभा राहिला. "एवढं मोठं जनावर इथे टांगलेलं," तो पुटपुटला, "आणि मी बाहेर पेपर वाचत बसायचो."

रविवारी सकाळी लॉजवर चहा घेताना बायको म्हणाली, "आज बंबवाल्यांच्या स्मारकाला जाऊ."

"तिथे काय बघायचंय? नुसता दगड आहे."

"त्या दगडावर मोठ्या भाऊजींचं नाव आहे. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, त्याला एकदा तिथे ने."

त्याने कप खाली ठेवला. त्या स्मारकापासून दोनशे पावलांवर त्याने किती वेळा बस उभी केली होती, याला गणती नव्हती. ती दोनशे पावलं तो कधीच चालला नव्हता.

थोरला भाऊ राजधानीत अग्निशमन दलात होता. त्यानेच खटपट करून धाकट्याला बंबावर ड्रायव्हर म्हणून लावायचं ठरवलं. परीक्षा झाली, नाव लागलं. हजर व्हायच्या दिवशी धाकटा घरातून बाहेरच पडला नाही. त्याला आगीची भीती वाटली होती. थोरला तसाच गावी आला आणि आईसमोर म्हणाला, "माझी मान खाली घातलीस. भित्रा आहेस तू."

"तुला मरायची हौस आहे, मला नाही," धाकटा म्हणाला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आठ महिन्यांनी रंगाच्या गोदामाला आग लागली आणि थोरला त्यात गेला.

हे भांडण त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तर आईलाही सांगितली नव्हती. आपण गेलो नाही म्हणून ती जागा रिकामी राहिली असेल, त्या दिवशी बंब थोरल्यालाच चालवावा लागला असेल, असं त्याने मनाशी धरलं होतं.

स्मारक म्हणजे काळ्या दगडाची भिंत होती. शेजारच्या खोलीत त्या आगीला गेलेला बंब ठेवला होता. दाराशी खुर्ची टाकून दलातला एक म्हातारा निवृत्त जवान बसला होता. भिंतीवर थोरल्याचं नाव सातवं होतं. बायकोने त्यावर हात ठेवला. तो हात मागे बांधून उभा राहिला, मग वळून बंबाकडे गेला. सीट, क्लच, झिजलेलं स्टिअरिंग बघत राहिला.

"त्या दिवशी हा कुणी चालवला होता?" त्याने म्हाताऱ्याला विचारलं.

"नेहमीच्या ड्रायव्हरने. का हो?"

"एक ड्रायव्हर हजरच झाला नव्हता ना? त्याची जागा रिकामी नव्हती?"

"आठवड्यात भरली होती. तुम्ही कोण?"

"सातव्या नावाचा धाकटा भाऊ."

म्हातारा उठून उभा राहिला. "ते पाईप घेऊन आत गेले होते. जिना कोसळला."

"आणि ड्रायव्हर?"

"तो वाचला. ड्रायव्हरने गाडी सोडायची नसते. पंप चालू ठेवून तो रात्रभर बाहेर उभा होता. सकाळी आम्ही त्याला ओढून बाजूला केलं. सगळे परत येतील म्हणत होता."

तो बंबाच्या पायरीवरच बसला. तिथे बसायला मनाई होती, पण म्हाताऱ्याने त्याला उठवलं नाही. बायको धावत आली. तिला जवळ बसवून त्याने सगळं सांगितलं, थोरल्याला ऐकवलेलं ते शेवटचं वाक्यही.

"इतकी वर्षं हे एकट्याने का वागवलंत?"

"तू मला भित्रा म्हणशील म्हणून."

"वेडे आहात," ती म्हणाली आणि पदराने स्वतःचे डोळे पुसले.

मग तो एकटाच भिंतीपाशी गेला. नावावर कपाळ टेकवून "दादा" म्हणाला. पुढचं काही बायकोला ऐकू आलं नाही. दोनची बस चुकली, ते चारच्या बसने परतले.

पुढच्या वर्षापासून आगीच्या तारखेला तो न चुकता जाऊ लागला. त्या दिवशी तिथे नावं वाचतात. सातवं नाव वाचायला म्हातारा त्यालाच पुढे करतो.